कंपनी बदलली, कुटुंबाचं काय? एच-१बीवर नोकरी बदलताना एच-४चा खर्च

एच-१बीवर अमेरिकेत नोकरी बदलायची म्हटली की नवी कंपनी वकील देते, अर्ज करते, फी भरते. आपण सह्या करायच्या आणि पेस्लिपा पाठवायच्या. एवढं सुरळीत पार पडल्यावर वाटतं, घरच्यांचंही त्यातच झालं असणार. तसं नसतं. कंपनीचा अर्ज फक्त कामगाराचा असतो. नवरा किंवा बायको आणि मुलं एच-४वर असतात, आणि एच-४चा अर्ज, फी, मुदत, रांग सगळं वेगळं. तो अर्ज करण्याचं बंधन कंपनीवर नाही.

सरकारी फी हा या खर्चातला लहान भाग आहे. मोठा पैसा जातो तो तारखा न जुळल्यामुळे. एकाची मुदत ऑगस्टमध्ये संपते, दुसऱ्याची पुढच्या मार्चमध्ये, आणि मुलाचा पासपोर्ट या दोन्हींच्या आधी. मग ऐनवेळचं तिकीट, बुडालेला पगार, विम्याशिवाय काढलेले महिने. म्हणून इथे फीपेक्षा तारखांवर जास्त लिहिलं आहे. दर मार्च २०२६पर्यंतचे आहेत आणि रुपयांच्या हिशेबासाठी एक डॉलर नव्वद रुपयांना धरला आहे. भरण्याआधी यूएससीआयएस या अमेरिकी इमिग्रेशन खात्याच्या आणि वकिलातीच्या संकेतस्थळावर त्या दिवशीचा दर पाहून घ्या. जुनी फी भरून पाठवलेला अर्ज तसाच परत येतो.

कंपनीच्या खिशातून काय, तुमच्या खिशातून काय

नोकरी बदलताना नवी कंपनी आय-१२९ हा अर्ज करते. मोठ्या कंपनीला त्याचे ७८० डॉलर, असायलम प्रोग्राम फी ६००, प्रशिक्षण निधीचे १,५०० आणि फसवणूक प्रतिबंधाचे ५०० असे एकूण ३,३८० डॉलर पडतात. पंचवीस किंवा त्याहून कमी माणसांच्या कंपनीला यात बरीच सवलत आहे. यातली प्रशिक्षण निधीची फी कामगाराकडून घेणं कायद्याने बंद आहे. बाकीच्या फीचा बोजाही, त्यामुळे पगार ठरलेल्या किमान पातळीखाली जात असेल तर, कामगारावर टाकता येत नाही. काही कन्सल्टन्सी कंपन्या ‘ट्रान्सफरचे अर्धे पैसे तुमचे’ असं सहज बोलून जातात. ऑफर लेटरवर सही करण्याआधी ते लेखी मागा. बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो.

प्रीमियम प्रोसेसिंगची फी मार्च २०२६पासून २,९६५ डॉलर आहे. ती भरली की पंधरा कामाच्या दिवसांत निकाल, नोटीस किंवा जास्तीच्या कागदांची मागणी यांपैकी काहीतरी येतं. कंपनीला घाई असेल तर कंपनी भरते. तुम्हाला घरच्यांसाठी घाई असेल तर ती तुम्ही स्वतः भरू शकता, आणि कधीकधी भरावीच. ते का, हे पुढे येईल.

कुटुंबाच्या बाजूने तीन फी लक्षात ठेवायच्या. कुटुंब अमेरिकेतच असेल तर मुदतवाढीचा आय-५३९: कागदावर ४७० डॉलर, ऑनलाइन ४२०. नवरा-बायकोपैकी एक आणि सगळी मुलं एकाच अर्जात बसतात, प्रत्येकाची वेगळी फी नाही. जोडीदाराला कामाचा परवाना मिळण्यासारखा असेल तर आय-७६५: कागदावर ५२०, ऑनलाइन ४७०. आणि कुटुंब भारतात असेल तर व्हिसाचे माणशी २०५ डॉलर, म्हणजे १८,४५० रुपये. इथे मात्र तान्ह्या बाळालाही पूर्ण फी लागते. जुलै २०२५च्या अमेरिकी कायद्यात प्रत्येक व्हिसामागे आणखी २५० डॉलरचं ‘व्हिसा इंटेग्रिटी’ शुल्क ठेवलं आहे. ते धरून चौघांचं घर असेल तर हिशेब एकदम बदलतो, तेव्हा बजेट करताना ते धरूनच चालावं.

आई-वडील यात बसत नाहीत. एच-४ फक्त जोडीदार आणि एकवीस वर्षांखालच्या अविवाहित मुलांसाठी. आई-वडिलांसाठी पर्यटक व्हिसा, त्याची फी १८५ डॉलर, आणि त्याचा तुमच्या नोकरी बदलण्याशी संबंध नाही.

कुटुंब आधीपासून अमेरिकेत असेल तर

इथे सगळ्यात महत्त्वाचा कागद पासपोर्टवरचा व्हिसाचा स्टॅम्प नव्हे. तो असतो आय-९४. स्टॅम्प देशात शिरण्यासाठी. किती दिवस राहायचं ते आय-९४ ठरवतो. सीबीपी या सीमा खात्याच्या संकेतस्थळावर पासपोर्ट क्रमांक टाकला की तो फुकट दिसतो. नोकरी बदलायचा विचार डोक्यात आला त्या संध्याकाळी घरातल्या प्रत्येकाचा आय-९४ काढून बघा. प्रत्येकाचा, म्हणजे मुलांचासुद्धा.

मुलांचा मुद्दाम सांगतो, कारण भारतीय पासपोर्ट प्रौढांना दहा वर्षांचा मिळतो, मुलांना सहसा पाच वर्षांचाच. विमानतळावरचा अधिकारी आय-९४ची तारीख पासपोर्टच्या मुदतीपुढे सहसा नेत नाही. त्यामुळे आई-वडिलांचा आय-९४ २०२८पर्यंत आणि मुलीचा २०२७च्या जानेवारीपर्यंत, असं घराघरात झालेलं असतं, आणि कुणाच्या लक्षात आलेलं नसतं. नंतर पासपोर्ट नवा केला तरी आय-९४ आपोआप पुढे जात नाही. त्यासाठी आय-५३९ करावा लागतो किंवा बाहेर जाऊन परत यावं लागतं. मुलांचं बेकायदा वास्तव्य अठरा वर्षांपर्यंत मोजलं जात नाही, प्रौढांचं मात्र मोजलं जातं. ते एकशे ऐंशी दिवसांवर गेलं आणि मग माणूस देशाबाहेर पडला तर तीन वर्षं परत येता येत नाही. एक वर्ष झालं तर ही बंदी दहा वर्षांची.

आता नोकरी बदलल्यावर त्यांच्यासाठी लगेच काही करायचं का? नियमाने सक्तीचं नाही. घरच्यांचा आय-९४ वैध आहे आणि तुम्ही एच-१बीवर नियमात आहात, तोवर त्यांचा एच-४ चालू राहतो, कंपनीचं नाव बदललं तरी. बरेच जण इथेच ४७० डॉलर वाचवतात: नाहीतरी दिवाळीत पुण्याला जाणारच आहोत, परत येताना नवीन आय-७९७, म्हणजे मंजुरीची नोटीस, दाखवून नवा आय-९४ मिळेल. काही वर्षांपूर्वी हा सल्ला मीही दिला असता. आता देणार नाही.

कारण परत येण्यासाठी स्टॅम्प वैध लागतो, आणि तो संपला असेल तर नवा मिळवणं फार कठीण झालं आहे. पूर्वी मुलाखतीशिवाय कागद टाकून काम व्हायचं, ज्याला सगळे ‘ड्रॉपबॉक्स’ म्हणत. सप्टेंबर २०२५पासून ती सोय एच-४ला बंद आहे. चौदा वर्षांखालच्या मुलांनाही मुलाखतीला न्यावं लागतं. त्याच महिन्यात नियम आला की व्हिसाचा अर्ज आपल्या देशात किंवा जिथे राहता तिथेच करायचा, म्हणजे मेक्सिको-कॅनडाला जाऊन स्टॅम्प मारून आणायची वाट बंद. १५ डिसेंबर २०२५पासून एच-१बी आणि एच-४ दोघांच्याही समाजमाध्यमांची तपासणी सुरू झाली आणि भारतात डिसेंबरच्या ठरलेल्या मुलाखती पुढच्या मार्चमध्ये आणि त्याहीनंतर ढकलल्या गेल्या. सुट्टीला गेलेली माणसं भारतातच अडकली, मुलांच्या शाळा अमेरिकेत. ४७० डॉलरची बचत त्यापुढे काहीच नाही.

म्हणून माझं मत असं: स्टॅम्प अजून वर्षभर तरी चालणार असेल आणि प्रवास ठरलेलाच असेल तर आय-५३९ सोडून द्या. नाहीतर कंपनीच्या अर्जासोबतच तो पाठवा. एकाच पाकिटात गेला की वकिलाचं कामही कमी होतं. यूएससीआयएस ऑक्टोबर २०२५पासून कागदी अर्जासोबत चेक घेत नाही. कार्डासाठी जी-१४५० किंवा बँक खात्यासाठी जी-१६५० जोडायचा. फी नाकारली गेली तर अर्जच परत येतो, तेव्हा त्या दिवशी खात्यात पैसे आणि कार्डावर मर्यादा असू द्या.

एक अडचण मात्र राहतेच. प्रीमियमची सोय कंपनीच्या आय-१२९ला आहे, एच-४च्या आय-५३९ला नाही. एका खटल्यातल्या तडजोडीमुळे काही काळ यूएससीआयएस दोन्ही अर्ज एकत्र निकाली काढत असे. ती तडजोड जानेवारी २०२५मध्ये संपली. त्यामुळे तुमची मंजुरी तीन आठवड्यांत आणि घरच्यांची काही महिन्यांनी, असं होऊ शकतं. अर्ज मुदतीत गेला असेल तर या मधल्या काळात राहणं कायदेशीर असतं, पण बऱ्याच राज्यांत ड्रायव्हिंग लायसन्स आय-९४च्या तारखेला बांधलेलं असतं. गाडीशिवाय जिथे दूधही आणता येत नाही अशा गावात राहात असाल तर परवाना खात्याला कोणती पावती चालते, ते आधीच विचारून ठेवा. आणि अर्ज प्रलंबित असताना जोडीदार देशाबाहेर गेला तर तो अर्ज बहुधा वाया जातो, फीसकट.

जोडीदार नोकरी करत असेल तर

इथे नोकरी बदलण्याची खरी किंमत कळते. एच-४वरच्या जोडीदाराला कामाचा परवाना, म्हणजे ईएडी, २०१५पासून मिळतो, पण तेव्हाच, जेव्हा एच-१बीवाल्याचा ग्रीनकार्डाच्या वाटेवरचा आय-१४० मंजूर झालेला असतो किंवा सहा वर्षांपुढची मुदतवाढ मिळालेली असते. हा परवाना कंपनीला बांधलेला नाही. तुम्ही नोकरी बदलली म्हणून जोडीदाराचं कार्ड त्या दिवशी रद्द होत नाही.

अडचण पुढच्या नूतनीकरणाला येते. आय-१४० मंजूर होऊन एकशे ऐंशी दिवस झाल्यावर जुन्या कंपनीने तो मागे घेतला तरी या कामापुरता तो टिकतो. एकशे ऐंशी दिवसांच्या आत मागे घेतला तर तुमची रांगेतली जागा, म्हणजे प्रायॉरिटी डेट, राहते, पण जोडीदाराच्या परवान्याचा आधार जातो. नव्या कंपनीने पुन्हा सगळं करून नवा आय-१४० मिळेपर्यंत वर्ष-दोन वर्षं सहज जातात. घरात दुसरा पगार असेल आणि मंजुरीला चार महिने झाले असतील, तर नव्या कंपनीकडून रुजू होण्याची तारीख दोन महिने पुढे मागून घ्या. साइनिंग बोनसवर घासाघीस करण्यापेक्षा या दोन महिन्यांचं मोल जास्त आहे.

दुसरं, ३० ऑक्टोबर २०२५ किंवा त्यानंतर केलेल्या नूतनीकरणाला आपोआप मिळणारी ५४० दिवसांची वाढ आता नाही. जुनं कार्ड संपलं आणि नवं आलं नाही तर काम थांबवावं लागतं. अर्ज मुदतीच्या १८० दिवस आधीपासून करता येतो, तो पहिल्याच आठवड्यात करावा. पण कार्डाची तारीख एच-४च्या आय-९४पुढे जात नाही, त्यामुळे आय-९४ही संपत आला असेल तर आय-५३९ आणि आय-७६५ एकत्रच जायला हवेत: ४७० आणि ५२०, मिळून ९९० डॉलर. नव्या कंपनीचा वकील हे आपणहून विचारेलच असं नाही. त्याचा अशील कंपनी आहे.

कुटुंब भारतात असेल तर

समजा, नोकरी बदलणारी बाई टेक्ससमध्ये फ्रिस्कोला आहे. नवरा आणि सहा वर्षांचा मुलगा पुण्यात. जुन्या कंपनीच्या आधारावर त्यांच्या मुलाखतीची तारीख मिळालेली आहे आणि तेवढ्यात नवी ऑफर आली.

पहिला प्रश्न: त्यांच्या पासपोर्टवर आधीचा एच-४ स्टॅम्प आहे का? असेल आणि त्याची मुदत शिल्लक असेल, तर नवा स्टॅम्प लागतच नाही. जुन्या कंपनीच्या काळात मिळालेला एच-४ स्टॅम्प घेऊन, सोबत नव्या कंपनीच्या आय-७९७ची प्रत आणि बाईच्या अलीकडच्या पेस्लिपा ठेवून, त्यांना येता येतं. खर्च फक्त तिकिटाचा. हे माहीत नसल्यामुळे लोक पुन्हा फी भरतात, पुन्हा रांगेत उभे राहतात. विमानतळावरून बाहेर पडल्यावर मात्र आय-९४ लगेच तपासायचा. अधिकाऱ्याने स्टॅम्पची जुनी तारीख टाकली असेल तर सीबीपीच्या डिफर्ड इन्स्पेक्शन कार्यालयात ती दुरुस्त करून मिळते, त्याला फी नाही.

स्टॅम्प नसेल तर मुलाखत. आता ठरलेली तारीख सोडायची की नोकरी पुढे ढकलायची? एच-१बीवाल्याला नव्या कंपनीचा अर्ज यूएससीआयएसकडे पोहोचताच तिथे काम सुरू करता येतं, मंजुरीची वाट पाहायची गरज नाही. २०००च्या कायद्याने ही मुभा दिली. पण त्या मधल्या काळात नवऱ्याची मुलाखत आली तर त्याच्या हातात काय असेल? जुन्या कंपनीचा आय-७९७, जिथे ती आता काम करत नाही, आणि नव्या अर्जाची नुसती पावती. बायको कुठे काम करते, या साध्या प्रश्नाला उत्तर अडखळतं आणि मंजुरी येईपर्यंत २२१(जी)खाली, म्हणजे निर्णय रोखून, पासपोर्ट अडकतो. अशा वेळी २,९६५ डॉलरचं प्रीमियम स्वतःच्या खिशातून भरावं लागलं तरी मी ते भरेन. त्याचे दोन लाख सदुसष्ट हजारांच्या घरात होतात, खरं आहे. पण मुलाखतीची गेलेली तारीख कधी परत मिळेल याचा भरवसा नसताना, तिकडे घराचं भाडं आणि इकडे दुसरं घर अशी दोन बिऱ्हाडं चालवायची तर तो आकडा फार लांब राहात नाही. मंजुरी आली की डीएस-१६० हा व्हिसाचा अर्ज नव्या कंपनीच्या माहितीसह नव्याने भरायचा आणि त्याचा क्रमांक मुलाखतीच्या खात्यात बदलायचा. व्हिसाची भरलेली फी परत मिळत नाही, पण ३६५ दिवस चालते.

बाईने स्वतः मुलाखतीसाठी भारतात यायची गरज नाही. मी तर म्हणेन, येऊच नये. सप्टेंबर २०२५च्या घोषणेने देशाबाहेर असलेल्या माणसासाठीच्या नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचा बोजा आणला. अमेरिकेत राहून कंपनी बदलणाऱ्यांना तो लागू नाही, असं यूएससीआयएसने ऑक्टोबरमध्ये स्पष्ट केलं. पण ट्रान्सफरचा निकाल येण्याआधी देश सोडला आणि हातात वैध एच-१बी स्टॅम्प नसेल, तर आपण या सवलतीच्या बाहेर पडण्याचा धोका असतो. मुलाला भेटण्याची ओढ समजू शकते. निकाल येईपर्यंत थांबावं.

पुण्याच्या बाजूचा खर्च असा. दोघांच्या व्हिसाचे ४१० डॉलर, म्हणजे ३६,९००. इंटेग्रिटी शुल्क धरलं तर ९१० डॉलर, ८१,९०० रुपये. पासपोर्ट नवा करायचा असेल तर नवऱ्याचे १,५००, मुलाचे १,०००. तत्काळला प्रत्येकी २,००० जास्त. मुलाचा पासपोर्ट दीड-दोन वर्षांत संपणार असेल तर आताच नवा करा. हजार रुपये वाचवून तिकडे आय-५३९चे ४७० डॉलर भरणं हा तोट्याचा सौदा आहे. मुंबईत दोन वेगवेगळ्या दिवशी जावं लागतं, एकदा बोटांचे ठसे आणि फोटो, एकदा बीकेसीतल्या वकिलातीत मुलाखत. पुणे, नाशिकवाल्यांना एका दिवसात परतता येतं. नागपूर, कोल्हापूर किंवा गोव्याहून येणाऱ्यांनी मुक्कामाचा खर्च धरावा. मुंबईची तारीख मिळत नसेल तर चेन्नई, हैदराबाद, कोलकाता, दिल्ली कुठलीही चालते.

तारीख ‘काढून देणारे’ एजंट हा यातला सगळ्यात महाग आणि सगळ्यात निरुपयोगी खर्च. त्यांना तुमचा पासवर्ड लागतो. मार्च २०२५मध्ये अमेरिकी दूतावासाने भारतात बॉटने घेतलेल्या सुमारे दोन हजार तारखा रद्द केल्या आणि ती खाती गोठवली. पैसे एजंटाकडे राहिले.

कागदांत आपल्याकडे हमखास अडतं ते दोन ठिकाणी. एक, लग्नाची नोंद. आळंदीला लागलेलं असो की मोठ्या हॉलमध्ये, महापालिकेच्या प्रभाग कार्यालयाचा, ग्रामपंचायतीचा किंवा विवाह नोंदणी कार्यालयाचा दाखला लागतो. पत्रिका आणि अल्बम हा जोडपुरावा. दुसरं, आईचं नाव. मुलाच्या जन्मदाखल्यावर तिचं सासरचं नाव, पासपोर्टवर माहेरचं, आणि पदवीवर तिसरंच. यासाठी पासपोर्ट बदलायची गरज नाही. डीएस-१६०मध्ये ‘इतर नावं’ या जागी सगळी नावं लिहा आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र सोबत ठेवा. जन्मदाखल्यात मुलाचं नावच भरलेलं नसेल तर मात्र ते आधी भरून घ्या, कार्यालयाच्या दोन चकरा धरून. जुना दाखला फक्त मराठीत असेल तर यूएससीआयएसला दोन्ही भाषा येणाऱ्या कुणीही इंग्रजी भाषांतर करून, ते बरोबर असल्याचं आणि आपल्याला भाषा येत असल्याचं सहीनिशी लिहिलेलं चालतं. नोटरीचा आग्रह अमेरिकेचा नाही, आपल्याकडच्या दुकानदाराचा आहे.

मुलाखतीआधी सगळ्यांची समाजमाध्यमांवरची खाती सार्वजनिक करायला सांगतात. घरात कॉलेजला जाणारी मुलगी असेल तर तिला हे आदल्या रात्री सांगू नका.

तिकीट पासपोर्ट हातात आल्यावरच काढा. तारखेची घाईच असेल तर रद्द करता येणारं घ्या, फरक पडला तरी. दोन वर्षांखालच्या बाळाला मांडीवर बसवून नेलं तर साधारण प्रौढ भाड्याच्या दहा टक्के पडतात, पण दुसरा वाढदिवस परतीच्या प्रवासाआधी येत असेल तर परतीचं तिकीट आसनाचं लागतं.

मुलगा शाळेत जाणार असेल तर लसीकरणाची वही. सरकारी कार्यक्रमात आपल्याकडे गोवर-रुबेला अशी एमआर लस देतात, गालगुंडाची त्यात नसते. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत शाळेला तिन्ही असलेली एमएमआर लागते, शिवाय कांजिण्यांची. या लसी इथल्या बालरोगतज्ज्ञाकडून देऊन, तारखा आणि शिक्क्यासह नोंदवून आणणं स्वस्त पडतं.

विमा: मधले दिवस

नोकरी बदलताना कुटुंब अमेरिकेतच असेल तर जुना विमा कधी संपतो आणि नवा कधी सुरू होतो, हे एचआरला ईमेलवर विचारा. काही कंपन्यांचा विमा शेवटच्या कामाच्या दिवशी संपतो, काहींचा महिनाअखेरीस. दुसऱ्या प्रकारात तीस तारखेऐवजी पुढच्या महिन्याच्या दोन-तीन तारखेला बाहेर पडलं की जवळजवळ पूर्ण महिना पदरात पडतो. नव्या कंपनीला विमा सुरू करायला जास्तीत जास्त नव्वद दिवस घेता येतात. मधल्या काळासाठी कोब्रा आहे: वीस किंवा जास्त कामगारांच्या कंपनीत जुनाच विमा स्वतःच्या पैशाने चालू ठेवता येतो. हप्ता मात्र कंपनीचा हिस्सा धरून पूर्ण, वर दोन टक्के, आणि कुटुंबाचा हप्ता ऐकून माणूस खुर्चीत बसतो. पण निवड करायला साठ दिवस मिळतात आणि घेतला तर तो मागच्या तारखेपासून लागू होतो. त्यामुळे खंड महिना-दीड महिन्याचा असेल तर फॉर्म भरून तयार ठेवावा आणि थांबावं. काही झालं तर भरावा, नाही झालं तर हप्ता वाचला. घरात गरोदर बाई किंवा नियमित औषधाचा रुग्ण असेल तर हा जुगार खेळू नका.

कुटुंब नंतर येणार असेल तर रुजू होतानाच विचारून ठेवा, की मधेच त्यांना विम्यात कसं घालायचं. बहुधा आल्यापासून तीस दिवसांत नाव द्यावं लागतं. ते दिवस घर लावण्यात निघून जातात आणि मग वर्षाअखेरच्या नोंदणीपर्यंत थांबायची पाळी येते.

ऑफर लेटरवर सही करण्याआधी

एच-४चा खर्च कंपनीने द्यावा असा कायदा नाही, पण मागितला तर बरेच जण देतात. मागायची वेळ सहीच्या आधीची. आय-५३९ आणि आय-७६५ची फी, त्यासाठीच्या वकिलाची फी, कुटुंबाची तिकिटं, पहिल्या महिन्याचं राहणं, हे एकेक नाव घेऊन मागा. ‘रिलोकेशन पाच हजार डॉलर’ असं मोघम घेऊ नका. २०१८पासून कंपनीने दिलेला स्थलांतराचा पैसा करपात्र आहे, तेव्हा पाच हजार हातात येताना बरेच आटतात. कर कंपनी भरणार का, म्हणजे ‘ग्रॉस-अप’ आहे का, हा प्रश्न विचारायचा. आणि परतफेडीचं कलम वाचायचं: वर्षाच्या आत सोडलं तर सगळं परत, की महिन्यांच्या प्रमाणात? जुन्या कंपनीतही असंच कलम असेल, तर तो आकडा नव्या कंपनीकडून मागा.

नोकरी स्वतः बदलली नाही, गेली, तर साठ दिवस असतात, किंवा आय-९४ त्याआधी संपत असेल तर तेवढेच. कुटुंबाचेही तेच साठ. त्या काळात नव्या कंपनीचा अर्ज यूएससीआयएसला पोहोचला पाहिजे. भारतातल्या कुटुंबाची मुलाखत याच दिवसांत असेल तर ती पुढे ढकला. नकार मिळाला तर तो प्रत्येक पुढच्या अर्जात सांगावा लागतो.

राहिला कर. जोडीदाराला ईएडी नसेल तर सोशल सिक्युरिटी क्रमांक मिळत नाही, आणि विवरणपत्र एकत्र भरायला आयटीआयएन हा करासाठीचा क्रमांक लागतो. तो डब्ल्यू-७ हा अर्ज विवरणपत्रासोबत जोडून मिळतो, सरकारी फी नाही. २०२५च्या वर्षासाठी एकत्र भरणाऱ्यांची प्रमाणित वजावट ३१,५०० डॉलर, वेगळं भरणाऱ्याची १५,७५०, तेव्हा हा अर्ज केल्याने वाचणारा कर वर लिहिलेल्या बऱ्याच फी भरून काढतो. मूळ पासपोर्ट मात्र टपालाने आयआरएसकडे, म्हणजे करखात्याकडे, पाठवू नका, तो परत यायला आठवडे लागतात. प्रमाणित एजंटाकडे समोर दाखवून तपासून घेता येतो. त्याची फी द्यावी लागते, ती द्यावी.